विझत्या भट्टीतला कोबी

मंडळी, शेवटची भाकरी तव्यावरून उतरली म्हणून चूल लगेच विझत नाही, हे तुम्हांला मी सांगायला नको. लाकडे मागे ओढली तरी आत आर असतो, फुपाटा असतो. त्या फुपाट्यात आपल्या आयाबायांनी काय काय सोडले, ते जरा आठवून पाहा. भरताचे वांगे, दोन रताळी, एखादा कांदा. वैलावर दुधाचे पातेले सरकवून ठेवायचे, म्हणजे ते हळूहळू तापते, उतू जात नाही. भाकरीसाठी जाळ घातलाच आहे, तर मागे उरलेली ऊब फुकट का घालवायची? साधा हिशेब. हा हिशेब शाळेत कोणी शिकवत नाही. सरपण डोक्यावरून वाहून आणावे लागते, त्या डोक्याला तो आपोआप कळतो.

आज मी असाच एक हिशेब सांगणार आहे, पण तो आपल्या चुलीचा नाही. तो आहे युरोपातल्या थंड मुलखातल्या पावभट्टीचा, आणि पाव निघाल्यावर त्या भट्टीत सरकवल्या जाणाऱ्या कोबीचा. गड्डा चिरायचा, मीठ लावायचे, असेल तर थोडे लोणी नाहीतर चरबी घालायची, भांडे झाकून भट्टीत ठेवायचे आणि जेवताना पावाशेजारी वाढायचे. पदार्थ म्हणजे एवढाच. आपल्याकडे ताटाच्या डाव्या बाजूला जी जागा असते, तसल्या जागेचा हा मानकरी. राजेरजवाड्यांच्या बखरीत त्याचे नाव सापडणार नाही. पण जाळ कोणाचा, भट्टी कोणाची, आणि उपासमारीच्या वेळी माणसाच्या हाताशी काय उरते, हे तीन मोठे प्रश्न या लहानशा पदार्थापाशी येऊन उभे राहतात. म्हणून म्हटले, आज याचाच इतिहास सांगू या.

आधी कोबीची ओळख करून घेऊ. कोबी आपल्या मोहरीच्या कुळातला. फुलकोबी, नवलकोल, ब्रोकोली ही त्याची नुसती भावकी नव्हे, तर सख्खी भावंडे. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी ती सगळी एकाच जातीची आहेत. शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या बी निवडता निवडता कुठे पाने वाढवली, कुठे फुलाचा गेंद वाढवला, कुठे खोड फुगवले. कोबीचा रानटी भाईबंद पश्चिम युरोपात समुद्रकाठच्या कड्यांवर आजही उगवतो. पण माणसाने त्याला पहिल्यांदा वाफ्यात आणले ते पूर्व भूमध्य समुद्राच्या बाजूला, असा अलीकडच्या संशोधकांचा कल आहे.

जुन्या रोमन लोकांचे कोबीवर भारी प्रेम. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात केटो नावाचा एक करारी रोमन पुढारी होऊन गेला. त्याने शेतीवर एक ग्रंथ लिहिला. लॅटिन गद्यातले आज संपूर्ण मिळणारे सर्वांत जुने पुस्तक तेच. त्यात केटो कोबीला सगळ्या भाज्यांच्या वर बसवतो आणि पोटदुखीपासून जखमेपर्यंत नाना दुखण्यांवर कोबीच सुचवतो. आपल्या आजीबाईच्या बटव्यात हळदीचा जो मान, तो त्याच्याकडे कोबीचा. मात्र त्या काळचा कोबी बराचसा मोकळ्या पानांचा होता. आपण बाजारात हाताने दाबून घेतो तो घट्ट गड्डा पुढे मध्ययुगात युरोपच्या थंड भागात रुजला.

आणि गड्डा घट्ट झाला, म्हणूनच तो गरिबाचा झाला. कसे ते पाहा. त्या मुलखात वर्षातले चार-पाच महिने जमिनीत हिरवे म्हणून काही राहत नाही. अशा वेळी पालेभाजी कुठून आणायची? कोबीचा गड्डा स्वतःच स्वतःला गुंडाळून घेतो. बाहेरची पाने सुकली तरी आतली ताजी राहतात. तळघरात पेंढ्यावर रचून ठेवला तर तो कित्येक आठवडे, कधी महिनेही टिकतो. उरलेला बारीक चिरून, मीठ लावून, पिंपात दाबून आंबवायचा. स्कॉटलंडमध्ये तर घरामागच्या भाजीच्या तुकड्याचे नावच या कुळातल्या पालेभाजीवरून पडले होते. आपण परसबाग म्हणतो, ते लोक ‘केलयार्ड’ म्हणत.

आता भट्टीकडे वळू. आपला तंदूर उभा असतो. ही भट्टी आडवी, विटांची किंवा दगडांची, वर घुमट आणि पुढे एक तोंड. इ. स. ७९ मध्ये इटलीतले पॉम्पेई शहर ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. ते उकरताना अशा भट्ट्या सापडल्या, आणि एका भट्टीत तर जळून कोळसा झालेले पाव जसेच्या तसे मिळाले. म्हणजे ही रचना किती जुनी, ते ध्यानात येईल.

हिची तऱ्हा आपल्या चुलीहून निराळी. चुलीत खाली जाळ आणि वर भांडे असते. या भट्टीत जाळ आतच, फरशीवर करायचा. तासन्‌तास लाकूड जाळले की भिंती, फरशी आणि घुमट तापून निघतात. मग निखारे ओढून बाहेर काढायचे, ओल्या फडक्याने फरशी पुसायची, लांब दांड्याच्या लाकडी फळीवरून पाव आत सरकवायचे आणि तोंड बंद करायचे. पाव भाजतो तो जाळावर नाही, दगडांनी पिऊन ठेवलेल्या उष्णतेवर. ती उष्णता पहिल्याने प्रखर असते, मग तास-दोन तासांनी उतरत जाते. घरची बाई या उतरणीचा पायरीपायरीने उपयोग करी. पहिल्या तडाख्यात पाव. पाव निघाले की कोबी, शेंगादाणे, कंदमुळे यांची झाकलेली भांडी. तीही निघाली की फळांच्या फोडी वाळत घालायच्या. आणि अगदी शेवटी, नुसती कोमट ऊब उरली की पुढच्या खेपेची लाकडे आत रचून सुकवायची. एका जाळावर चार कामे!

तुम्ही विचाराल, असा भट्टीत शिजलेला कोबी लागतो तरी कसा? त्यालाही शास्त्र आहे. गुरुजींनी हे वर्गात जरूर सांगावे. शंभर ग्रॅम कोबीत सुमारे ९२ ग्रॅम पाणीच असते. हा कोबी भरपूर पाण्यात फार वेळ उकळत ठेवला, तर त्यातली गंधकयुक्त द्रव्ये फुटतात आणि घरभर उग्र वास सुटतो. कोबी न आवडणाऱ्यांपैकी निम्म्यांचे भांडण कोबीशी नसते, त्या वासाशी असते. भट्टीतली गोष्ट वेगळी. तिथे पाणी घालायचे नाही. कोबी आपल्याच पाण्यात मऊ होतो, मग ते पाणी आटते, अंगची साखर दाट होते, आणि कडा तांबूस होऊन खरपूस लागतात. पावाची कड, भाजलेले शेंगदाणे, भाकरीचा पापुद्रा यांना जो रंग आणि वास येतो, त्याच जातीची ही क्रिया. माय्यार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली तिचे वर्णन केले, म्हणून तिला त्याचे नाव मिळाले. शास्त्रज्ञाला ती १९१२ साली दिसली. खेड्यातल्या बाईला ती भांड्याचे झाकण काढताच वासावरून कळत होती.

आता पहिला मोठा प्रश्न. ही भट्टी कोणाची?

भट्टी बांधायला खर्च, तापवायला ढीगभर लाकूड, आणि गवताने शाकारलेल्या घरांच्या वस्तीत आगीची धास्ती. त्यामुळे घरोघरी भट्टी नसे, गावाची मिळून एक असे. पावही रोज भाजत नसत. आठवड्या-पंधरवड्याने भाजत. आल्प्स पर्वतातल्या काही गावांत तर राईच्या धान्याचे पाव वर्षातून एकदा-दोनदाच भाजून ठेवण्याची चाल होती. मग तो वाळलेला पाव फोडायचा आणि सारात बुडवून खायचा.

फ्रान्समध्ये पुष्कळ ठिकाणी ही गावची भट्टी गावाची नव्हतीच. ती जमीनदाराची. कुळांनी दळण दळायचे ते त्याच्याच गिरणीत, द्राक्षे पिळायची ती त्याच्याच घाण्यात, आणि पाव भाजायचा तो त्याच्याच भट्टीत, असा दंडक होता. भाजणावळ म्हणून पावांतला वाटा किंवा पैसा द्यायचा. दुसरीकडे भाजले तर दंड. या भट्टीला फ्रेंच भाषेत ‘फूर बानाल’ म्हणत. ‘बान’ म्हणजे जमीनदाराचा हुकूम. त्याच्या हुकमतीखालची म्हणून ती ‘बानाल’. अशी भट्टी सगळ्या गावाने वापरायची, म्हणून त्या शब्दाला हळूहळू ‘सगळ्यांचे, सामायिक’ असा अर्थ आला. पुढे आणखी घसरून ‘सामान्य, क्षुल्लक, ज्यात काही विशेष नाही असे’ हा अर्थ चिकटला. इंग्रजीतही तो शब्द याच अर्थाने गेला आहे. पाहा मंडळी, शब्द कसे बोलतात ते! ज्या भट्टीपाशी गोरगरीब आपला पाव आणि भाजीचे भांडे घेऊन रांगेत उभे राहिले, तिच्या नावाचा अर्थ ‘क्षुल्लक’ झाला.

पण रांगेत उभ्या राहणाऱ्यांना ती गोष्ट क्षुल्लक वाटत नव्हती. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांच्या गाऱ्हाण्यांत भट्टी आणि गिरणी यांच्या सक्तीची तक्रार होतीच. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री राष्ट्रीय सभेने सरंजामी हक्क रद्द केल्याची घोषणा केली. मात्र त्यांतल्या बऱ्याच हक्कांसाठी भरपाई देण्याची अट होती. ती अटही जाऊन हे हक्क समूळ संपले ते १७९३ साली. इतिहासाच्या पुस्तकात आपण राजाचा शिरच्छेद वाचतो. पण गावातल्या बाईच्या लेखी, आपला पाव आपल्या मर्जीने हवा तिथे भाजता येणे हीसुद्धा क्रांतीच होती.

इंग्लंडात दुसरीच तऱ्हा. तिथे कारखानदारी वाढली, माणसे शहरात दाटीवाटीने राहू लागली. गरिबाच्या खोलीत जेमतेम एक शेगडी, भट्टी कुठली? रविवारी पाववाल्याने पाव भाजायचा नाही असा नियम होता, पण भट्टी गरम असे. मग शेजारपाजारची माणसे आपापली जेवणाची भांडी पाववाल्याकडे नेऊन देत. चार पैसे घेऊन तो ती भाजून देई. आठवड्यातले एकच धड गरम जेवण ते. १८३० नंतरच्या दशकात काही बड्या मंडळींनी, रविवारी सगळेच व्यवहार कायद्याने बंद करावेत म्हणून पार्लमेंटात खटपट केली. त्यांच्या घरी स्वतःच्या भट्ट्या होत्या आणि स्वयंपाकीही होते. चार्ल्स डिकन्स या कादंबरीकाराने १८३६ साली एक पुस्तिका लिहून त्या खटपटीवर कोरडे ओढले. पुढे १८४३ साली त्याने नाताळावर जी प्रसिद्ध गोष्ट लिहिली, तिच्यातही पाववाल्याच्या दुकानाकडे जेवण घेऊन चाललेली गरीब माणसे आहेत. उरलेल्या उबेवर हक्क कोणाचा, हा वाद असा पार्लमेंटापर्यंत जाऊन पोहोचला होता, बरं का!

आता थोडे उत्तरेकडे जाऊ. स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स हा मोठा लढवय्या. १७०९ साली पोल्टाव्हाच्या लढाईत रशियाच्या पीटरने त्याचा पराभव केला. तो पळून तुर्की सुलतानाच्या मुलखात गेला आणि बेंडर या गावी काही वर्षे राहिला. राहिला तो उधारीवर! १७१४ साली तो परत निघाला, तेव्हा त्याचे सावकारही वसुलीसाठी मागोमाग स्वीडनला पोहोचले. सावकार दारात येऊन बसणे म्हणजे काय, ते आपल्याला ठाऊक आहे. इथे सावकार राजाच्या दारात बसले. तुर्कस्तानात द्राक्षाच्या पानात सारण भरून ‘डोल्मा’ करतात. तो पदार्थ या येण्याजाण्यातून स्वीडनमध्ये पोहोचला असे सांगतात. अठराव्या शतकातल्या स्वीडिश पाकपुस्तकात डोल्मा आढळतो खरा. पण त्या थंडीत द्राक्षवेल कुठून यावा? म्हणून द्राक्षाच्या पानाच्या जागी कोबीचे पान आले. त्याला स्वीडिश लोक आजही ‘कोलडोल्मा’ म्हणतात. म्हणजे कोबीचा डोल्मा.

पुढे कोणा कामाच्या बाईने विचार केला असेल की एकेक पान गुंडाळत कोण बसतो? मग कोबी चिरून, सारणाबरोबर थरावर थर भांड्यात घालायचा आणि भांडे सरळ भट्टीत ठेवायचे, अशी सोपी रीत निघाली. शेजारच्या फिनलंडात अशाच पदार्थाला ‘काआलिलाटिक्को’ म्हणतात. शब्दशः ‘कोबीची पेटी’. नाव ऐकून हसू येते, पण तिथल्या घरांत तो आपल्या पिठल्यासारखा नेहमीचा आहे.

आणि आता रशिया. तिथे भट्टी म्हणजे घरातली एक वस्तू नव्हे, भट्टीभोवतीच घर. ‘पेच’ हे तिचे नाव. विटामातीची ही भलीमोठी भट्टी खेड्यातल्या घराची मोठी जागा अडवी. म्हातारी माणसे आणि मुले रात्री तिच्यावरच झोपत. जुन्या काळी पुष्कळ घरांत धुराडे नसे. धूर दारातून आणि झरोक्यातून जाई, आणि भिंती काळ्या होत. सकाळी बाई सर्वांच्या आधी उठे, जाळ करी, आणि लाकडे जळून निखारे झाले की ते बाजूला सारून मडकी आत ठेवी. धुराड्याची झडप बंद करायची ती निखारे पुरते शांत झाल्यावरच. घाई केली तर विषारी वायू घरात कोंडून माणसे दगावत. मडके आत ढकलायला आणि बाहेर ओढायला लांब काठीला बसवलेला लोखंडी दुबेळका असे.

त्या मडक्यात बहुतेक दिवस कोबीच. कोबीचे आंबट सार, त्याचे नाव ‘श्ची’. सकाळी ठेवलेले मडके संध्याकाळपर्यंत आतल्या उबेवर मुरत राही. श्ची आणि कण्या हेच आपले अन्न, अशा अर्थाची एक म्हण रशियन माणसाच्या तोंडी असते. आपल्याकडे मीठभाकर म्हणतात, तसेच. हिवाळ्यापूर्वी कोबी आंबवून ठेवायचा असे. तो चिरायला आळीतल्या बायका आणि मुली आज या घरी, उद्या त्या घरी जमत. गाणी, थट्टामस्करी, खाणेपिणे चाले. या जमण्याला कोबीवरूनच नाव पडले, आणि पुढे मॉस्कोच्या एका नाट्यसंस्थेतल्या नटांनी आपल्या हास्यविनोदाच्या रात्रीला ‘कापुस्त्निक’ हेच नाव दिले. आपल्याकडे उन्हाळ्यात पापड-कुरडयांना बायका जमतात, तसाच हा थाट.

मंडळी, याच रशियात कोबीवर असा एक प्रसंग आला की, तो सांगताना आवाज आपोआप खाली येतो. दुसऱ्या महायुद्धात ८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन फौजांनी लेनिनग्राड शहराची जमिनीवरून जाणारी शेवटची वाट तोडली. वेढा पडला. तो पूर्णपणे उठला २७ जानेवारी १९४४ रोजी, म्हणजे ८७२ दिवसांनी. २० नोव्हेंबर १९४१ पासून सुमारे पाच आठवडे मुलांना, म्हाताऱ्यांना आणि कचेरीत काम करणाऱ्यांना दिवसाचा पाव मिळत होता फक्त १२५ ग्रॅम. तोही भेसळीचा. जळण संपले. लोकांनी लहान लोखंडी शेगड्यांत खुर्च्या, कपाटे, अखेर पुस्तकेसुद्धा घातली. लाखो माणसे भुकेने आणि थंडीने मेली.

त्या शरद ऋतूत वेढ्याच्या आतल्या शेतांतला कोबी काढून झाला होता. मागे राहिली होती बाहेरची जाड, हिरवी, मळकी पाने. एरवी ती गुरांपुढे टाकायची. शहरातली माणसे पोती घेऊन त्या शेतांत गेली आणि ती पाने वेचू लागली. त्या पानांना ‘ख्र्यापा’ म्हणत. ती चिरून, खारवून, उकळून लोकांनी खाल्ली. आणि १९४२ च्या उन्हाळ्यात शहराने आपल्या बागा आणि चौक खणून काढले. सेंट आयझॅक हे तिथले भव्य मंदिर, मोठ्या घुमटाचे. त्याच्या समोरच्या चौकात, जिथे पूर्वी लोक फेरफटका मारायला येत, तिथे कोबीचे वाफे घातले गेले. त्याची छायाचित्रे आहेत. वर तो मोठा घुमट, आणि खाली बायका कोबीचे गड्डे काढताहेत.

त्या बायकांना कोणी विचारले असते की, बाई, कोबी हा क्षुल्लक पदार्थ आहे काय? काय उत्तर आले असते, ते तुम्हीच ठरवा.

आता आपल्या घरी परत येऊ. कोबी आपल्याकडे आला तो दर्यावरून. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला आणि १५१० साली पोर्तुगिजांनी गोवे घेतले. त्यांच्या भाषेत कोबीला जो शब्द आहे, त्याचा उच्चार ‘कोव्ह’ असा काहीसा होतो. आपला ‘कोबी’ त्याच शब्दाचा नातलग मानतात. बटाटा, काजू, घमेले हे शब्दही त्याच वाटेने आपल्या भाषेत आले, आणि ‘पाव’ही त्याच वाटेने. गोव्यातला पाववाला म्हणजे ‘पोदेर’. त्याच्या भट्टीला कोकणीत ‘फोर्न’ म्हणतात, तोही शब्द पोर्तुगीजच. त्या भट्टीची रीत वर सांगितली तीच, आणि पाव फुगवायला माडाची सूर वापरण्याची तिथली जुनी पद्धत. गंमत अशी की, कोबी आणि भट्टी एकाच गलबतावरून आल्यासारखी आली, पण आपल्याकडे त्यांचे लग्न काही लागले नाही. पाव भट्टीत राहिला. कोबी कढईत गेला, मोहरी-हिंगाची फोडणी, हरभऱ्याची डाळ आणि ओले खोबरे लेवून अगदी मराठी झाला. आज कोबी पिकवण्यात जगात चीनच्या खालोखाल भारताचा नंबर लागतो, आणि आपल्या नाशिक-पुण्याकडचा शेतकरी त्यात आहे.

पण याच शेतकऱ्याची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. कोबीचा भाव पडतो, तेव्हा काढणीची मजुरी आणि गाडीभाडेही सुटत नाही. मग उभ्या पिकात मेंढरे सोडावी लागतात, नाहीतर नांगर फिरवावा लागतो. हे आपल्या डोळ्यांदेखत घडते. एकीकडे मोठ्या शहरांतल्या महागड्या हॉटेलांत भट्टीत भाजलेली कोबीची एक फोड हल्ली दिमाखात ताटलीत येते. गरिबाच्या विझत्या भट्टीतला पदार्थ श्रीमंताच्या मेजावर चढला. त्याबद्दल तक्रार नाही, चांगले ते सगळ्यांनी खावे. पण पिकवणाऱ्याच्या हातात काय पडले, हा प्रश्न जमीनदाराच्या भट्टीपासून आजपर्यंत तसाच उभा आहे. तो विचारत राहिले पाहिजे.

आता भगिनींसाठी दोन शब्द. हा पदार्थ करून पाहायला विलायती भट्टी लागत नाही. कोकणात तवसाचे धोंडस करताना भांड्याखाली निखारे आणि झाकणावरही निखारे ठेवतात, ती रीत इथे चालते. गड्ड्याच्या देठासकट जाड फोडी करा, म्हणजे पाने सुटत नाहीत. मीठ, थोडे तेल, ठेचलेला लसूण आणि जिरे चोळा. जाड बुडाच्या भांड्यात फोडी एकीशेजारी एक लावा. पाणी घालू नका. वर झाकण ठेवून त्यावर निखारे टाका आणि खाली मंद आर ठेवा. अर्ध्या-पाऊण तासाने झाकण उघडून पाहा. देठ सुरीने सहज कापला गेला आणि कडा तांबूस झाल्या की उतरवा. भाकरीबरोबर फार छान लागतो. आणि हो, बाहेरची हिरवी पाने टाकू नका. स्वच्छ धुऊन, बारीक चिरून पिठल्यात नाहीतर थालीपिठात घाला.

शेवटी गुरुजींना एक विनंती. इतिहासाच्या तासाला मुलांना एक प्रश्न घरी विचारून यायला सांगा. भाकऱ्या झाल्यावर आपली आजी, पणजी चुलीत काय ठेवत असे? सरपण कुठून आणत, कोण आणत, आणि ते कोणाच्या रानातले होते? घरोघरी गॅस आल्यावर वैल म्हणजे काय, हे पुष्कळ मुलांना ठाऊकही नसेल. विचारून आलेल्या गोष्टी वहीत लिहून घ्या, खाली गावाचे नाव आणि साल घाला. लढाया आणि तह पुस्तकात आहेतच, ते कुठे जात नाहीत. पण आजीच्या फुपाट्यातले रताळे तिच्याबरोबर जाईल. ते आधी लिहून ठेवलेले बरे.